सहापैकी सात

ते मोबाईल आधी खिशात घाला. ऐकायचं असेल तर नीट ऐका, नाहीतर गुमान झोपा. मला कुणाची मनधरणी करायची हौस नाही. आणि भुतं असतात का, असलं मला विचारू नका. मला ठाऊक नाही. तामलवाडीचा प्रसेनजित, पिकअपवाला, त्याच्यावर जे गुदरलं ते त्यानं मला जसं सांगितलं तसं तुम्हाला सांगतो. पोरगा खोटं बोलणारा नाही. खोटं बोलायला डोकं लागतं, ते त्याच्याकडं पहिल्यापासून बेताचंच.

गेल्या साली माघ पौर्णिमा झाली, तिच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. वार गुरुवार. चांदणं असं पडलेलं की काढलेल्या ज्वारीची धसकटं लांबून दिसत होती. प्रसेनजित पाण्याच्या काळ्या टाक्या भरून उमरग्याला निघाला होता. दुकानदारानं रात्रीच आणायला सांगितलं होतं, कारण दिवसा हायवेच्या कडेला गाडी लावू देत नाहीत. टाक्या उतरवायच्या आणि माघारी यायचं. घरी आईला त्यानं एवढंच सांगितलं. दुसरं काम पोटात ठेवलं.

दुसरं काम म्हणजे रुद्रेशला गाठायचं.

हा रुद्रेश उमरग्याचा. तुळजापूरच्या कॉलेजात दोघं एका बाकावर. रुद्रेशला खाणावळीचं पचेना, म्हणून तीन वर्षं तो प्रसेनजितच्याच घरी जेवला. प्रसेनजितची आई मथुराबाई त्याच्यासाठी दोन भाकरी जास्त थापायची. तो तिला आई म्हणायचा. पण बौद्धाच्या घरी जेवतो हे त्यानं आपल्या घरी कधी सांगितलं नाही. मथुराबाईला ते कळत होतं. कळून वाढायची.

प्रसेनजितला एक धाकटी बहीण होती, चैताली. गावाबाहेर खडीची खाण आहे, बंद पडलेली, पाण्यानं भरलेली. त्यात ती बुडून गेली. सोळा वर्षांची पोर. पाय घसरला, असं लोक म्हणाले. त्या दिवशी सकाळी मथुराबाई तिला कशावरून तरी रागावली होती आणि मग खुरपायला रानात गेली होती. रुद्रेश मातीला आला, प्रसेनजितच्या गळ्यात पडून रडला. घरच्यांपेक्षा जास्त रडला. लोकांनी त्याला पाणी पाजलं.

पुढं तो पुण्याला कॉम्प्युटर शिकला आणि उमरग्यात टायरच्या दुकानावर एक खोली घेऊन मोबाईलवरचे भुताचे गेम बनवायला लागला. 'दार लाव' असं नाव. पहिला भाग चालला, दुसरा चालला, तिसरा त्या माघाच्या आदल्या दिवाळीत आला. तुम्ही खेळला असाल, माना हलवू नका. अंधारं घर, हातात बॅटरी, कोपऱ्याकोपऱ्यात वस्तू पडलेल्या. वस्तू उचलून फिरवली की आवाज येतो आणि त्या घरात काय घडलं त्याचा एक तुकडा सांगतो. अशा सहा वस्तू. एकही न उचलता दाराबाहेर पडलं तरी गेम संपतो, पण मग दडवलेलं कळत नाही. सगळ्या गोळा करणाऱ्यालाच पूर्ण गोष्ट.

या वस्तू रुद्रेश मनानं काढत नसे. खरी वस्तू समोर ठेवायची, चारी बाजूंनी, वरून, खालून फोटो घ्यायचे, मग ती कॉम्प्युटरात उभी राहते. तिसऱ्या भागाच्या आधी तो तामलवाडीला आला आणि मथुराबाईकडं चैतालीची पेटी मागितली. आठवण म्हणून फोटो काढून देतो, म्हणाला. मातीनंतरच्या जलदानाच्या विधीला सगळ्यांनी त्या माउलीला सांगितलं होतं, पोरीच्या वस्तू वाटून टाक. तिनं वाटल्या नव्हत्या. त्या पेटीला ती पोटच्या पोरालाही हात लावू देत नसे. रुद्रेशला काढून दिली.

मग एक दिवस शेजारची प्रीती, कॉलेजला जाणारी पोर, मोबाईल घेऊन प्रसेनजितकडं आली. गेममधला स्टीलचा डबा तिनं उलटा करून दाखवला. बुडाला ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती: 'कु. चैताली, पाचवीत पहिली, मामाकडून.' आपल्याकडं भांडं दिलं की त्यावर नाव घालतातच. रुद्रेशनं गोष्टीतल्या पोरीचं नाव बदललं, गावाचं बदललं, आणि डब्याचं बूड तेवढं पुसायचं विसरला. मग बाकीचंही ओळखू आलं. घराचं निळं दार तेच. चूल तीच. ज्या वळचणीला बसून रुद्रेश जेवायचा, तीसुद्धा तीच.

आणि सहावी वस्तू काय सांगते? पोरीला तिच्या आईनंच पाण्यात ढकललं.

गल्लीतली पोरं मथुराबाईला बघून पळायला लागली. तिनं प्रीतीला बसवून सगळ्या वस्तू वाजवून घेतल्या. तिसऱ्या दिवशी उमाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. चैताली गेली त्या दिवशी दोघी एकाच रानात खुरपत होत्या.

'उमे, खरं सांग. त्या दिशी म्या तुझ्यासंगं व्हते ना?'

'व्हतीस की अक्का. दिवसभर व्हतीस.'

'मग मला का गं आठवंना?'

तेव्हापासून तिचं जेवण सुटलं. रात्रभर बसून राहायची. प्रसेनजितला दिसत होतं, आई हळूहळू त्या गेमवर विश्वास ठेवायला लागली आहे. आपणच लेकीला मारलं असं मानून ती मरून जाणार होती, आणि ते थांबवायला हाताशी दिवस फार नव्हते. त्यानं रुद्रेशला फोन केले. पहिल्यांदा तो हसला, म्हणाला, गोष्ट आहे रे ती, कोण कशाला मनावर घेतंय. मग फोन उचलायचाच बंद झाला.

तर त्या रात्री साडेदहाला टाक्या उतरल्या. टायरच्या दुकानावर उजेड होता. प्रसेनजित लोखंडी जिना चढून गेला.

दार उघडल्यावर रुद्रेशचा चेहरा पडला. मग तो हसला. 'अरे जित्या. फोन तरी करायचा.'

'केले की. तू उचलशील तवा ना.'

प्रसेनजितनं उभ्या उभ्याच आईचं सगळं सांगितलं. रुद्रेश खुर्ची इकडं तिकडं फिरवत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, लोकांना असलंच आवडतं, आई निघाली की धक्का बसतो. 'गोष्टीला मारणारं कुणीतरी लागतं ना.'

'म्हणून माझी माय घेतलीस?'

त्यावर तो जरा वरमला. बरं, डब्यावरचं नाव काढतो, म्हणाला, आणि कॉम्प्युटरपुढं बसून गेम चालू केला. मोठ्या पडद्यावर प्रसेनजितला आपलं घर दिसलं. अंधारातलं. वरच्या कोपऱ्यात सापडलेल्या वस्तूंचा आकडा होता, सहापैकी सहा.

रुद्रेश डबा शोधायला स्वयंपाकघरात शिरला.

आकडा बदलला.

सहापैकी सात.

'हे काय?' प्रसेनजितनं विचारलं.

'चुकलं असंल काहीतरी.' त्यानं गेम बंद केला. परत लावला. सहापैकी सात.

आता निळ्या दाराच्या उंबऱ्यावर काहीतरी पडलं होतं. बॅटरीच्या उजेडात चमकत होतं. रुद्रेशनं माऊसवरचा हात काढून घेतला. चटका बसल्यासारखा.

'हे म्या ठेवलेलं न्हाय.'

'मग कुणी ठेवलं?'

रुद्रेशनं खुर्ची मागं सरकवली.

'उचल.'

'नको, जित्या…'

प्रसेनजितनं माऊस ओढून घेतला. बटण दाबलं.

गाडीचा आरसा होता. मोटारसायकलचा, गोल, दांडी वाकलेली. रुद्रेशच्या जुन्या लाल गाडीचा. त्या गाडीवर प्रसेनजित तीन वर्षं मागं बसला होता. त्याला तो ओळखायला वेळ लागला नाही.

त्यानं आरसा फिरवला. पाठ काळी. आणखी फिरवला.

काचेत काहीतरी हलत होतं.

बाकीच्या वस्तू बोलायच्या. पैसे देऊन आणलेल्या बाईचा आवाज, शहरातला, गोड. ही वस्तू बोलेना. नुसता गाडीचा आवाज… वारा… आरशात पायवाट मागं मागं जात होती. खडीचा ढीग. खाणीची कड. खाली पाणी.

पाण्यात हात होता.

वर केलेला. हलत होता.

गाडी थांबली नाही. हात लहान लहान होत गेला. आणि मग लांबून, वाऱ्यातून…

'रुद्रेशदादा… थांब की…'

चैतालीचा आवाज. सात वर्षांत प्रसेनजितनं तो ऐकला नव्हता. तरी ओळखला. अंगावर काटा आला नाही, म्हणाला मला.

खाली हायवेवरून एक ट्रक गेला. दुसरा गेला. आरसा पडद्यावर तसाच. हात दिसेनासा झाला होता. आता काचेत नुसतं पाणी.

मग रुद्रेश बोलायला लागला. भिंतीकडं बघून.

'फोटो काढायला गेलतो… पहिल्या गेमसाठी, तवाच डोक्यात घोळत व्हता. खाण मला सापडंना. तिला म्हणलं, वाट दाखव… मग म्हणलं, जरा कडेला उभी रहा, फोटोत माणूस पाहिजे… अजून मागं सर, म्हणलं… आन् ती पाण्यात गेली… मला पोहता येत न्हाय, जित्या.'

'वरडता येत व्हतं ना?'

रुद्रेशनं कपाळ भिंतीला टेकवलं.

'पलीकडं वीटभट्टी व्हती. भट्टीवर माणसं व्हती. नुसतं वरडायचं व्हतं. तू आरशात बघितलंस. तिचा हात बघितलास. आन् गाडी तशीच पळवलीस. आन् संध्याकाळी माझ्या गळ्यात पडून रडलास.' प्रसेनजितचा आवाज चढला नाही, उतरत गेला. 'जलदानाला माझ्या मायनं तुला भरवलं. तू खाल्लंस.'

मारावं असं त्याच्या मनात आलं. हात उचलेना. ज्याच्यासंगं एका ताटात भाकरी मोडून खाल्ली, त्याला मारायला हात उचलत नाही, आणि माफ करायलाही उचलत नाही. तो एवढंच म्हणाला, 'काढ.'

रुद्रेशनं तिसरा भाग काढून टाकला. मग न सांगता दुसरा काढला, मग पहिला. पहिल्या भागाचं चित्र जाताना प्रसेनजितनं नीट बघितलं. काळं पाणी, खडीची कड. ते चित्र त्यानं हजारदा बघितलं होतं. दोस्ताचा पहिला गेम म्हणून चार लोकांना कौतुकानं दाखवलंही होतं.

पडदा काळा झाला.

तो जिन्याकडं निघाला. मागून रुद्रेश बारीक आवाजात म्हणाला, 'उजाडंपर्यंत बस. मला एकट्याला… जित्या, थांब की.'

प्रसेनजित थांबला नाही.

नळदुर्ग मागं पडलं तरी त्याला कळलं नाही, गाडी कोण चालवतंय. पोलिसात जाऊन काय सांगणार? गेममधल्या आरशात बघितलं म्हणून? आणि तो गेमही आता कुठं नाही. पण पोलिसांचं राहू द्या, आईला काय सांगायचं? खरं सांगावं, तर ज्याला लेक म्हणून भरवलं त्यानंच लेक बुडू दिली. न सांगावं, तर आपणच मारली असं धरून बसणार. एका हातात एक विख, दुसऱ्या हातात दुसरं. तुळजापूरचे दिवे आले, गेले. त्याला काही सुचलं नाही. रस्त्याकडेला गाडी लावून किती वेळ बसला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

तामलवाडीत पोचला तेव्हा उजाडायचं होतं. गल्ली झोपलेली. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. दाराला आतून कडी. तो नसला की मथुराबाई घरात एकटीच असते.

त्यानं कडी वाजवली.

आत पावलं वाजली… सावकाश.

दार उघडलं. मथुराबाई उभी होती. डोळे झोपेनं जड. कित्येक रात्रींनी ती झोपली होती.

'आलास व्हय? हातपाय धू,' ती म्हणाली. 'लई भूक लागलीया बघ. भाकरी टाकते.'

आणि चुलीकडं वळली.

प्रसेनजित उंबऱ्यातच राहिला.

आता ऐका. मथुराबाईचा उजवा हात दोन वर्षांपासून खांद्याच्या वर जात नाही. केस प्रीती येऊन विंचरते, तेही रविवारी. आणि ही शुक्रवारची पहाट.

आईच्या पाठीवर दोन वेण्या होत्या. पांढऱ्या केसांच्या. घट्ट. शाळेतल्या पोरी घालतात तशा, वर दुमडून बांधलेल्या. ओल्या. टोकातून पाणी ठिबकत होतं. पाठीवरचा पदर भिजला होता.

'माय… माय, येण्या कुणी घातल्या?'

मथुराबाई थांबली. डावा हात मागं नेला. वेणी चाचपली. वरून खालपर्यंत. मग परत वर.

खाली बसली, चुलीत काड्या सारल्या, जाळ केला.

जाळाच्या उजेडात त्यानं जवळ जाऊन बघितलं. वेणीच्या पेडांत बारीक काळी कच अडकली होती. खडीची.