मधला टाका

भुताची गोष्ट सांगावी तर मीच सांगावी. ऐकणाऱ्याची रात्रभर कूस बदलायची हिंमत होत नाही. आता खरं सांगायचं तर मागच्या खेपेला तिघंही ऐकणारे अर्ध्यातच घोरू लागले, आणि त्यांच्या घोरण्याला भिऊन कंदिलाची वात मीच मोठी केली. पण ही गोष्ट तशी नाही. हिच्यात काळोख नाही, मसण नाही, पिंपळ तर नाहीच नाही. भर दुपार आहे, कोराडीच्या वीजघराची कॉलनी आहे, आणि शालिकराम नावाचा एक लबाड म्हातारा आहे. तेव्हा वात कमीच असू द्या, तेल वाचेल.

शालिकराम म्हणजे केशवचा बाप. केशव वीजघरात कोळशाच्या पट्ट्यावर पाळीनं जायचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तसा म्हाताराही गावाहून बिऱ्हाड उचलून आला. शाळेत तिसरीपर्यंत गेलेला, तेही मास्तरांच्या म्हशीला चारा टाकायला. थापा मारण्यात मात्र मोठमोठ्या वकिलांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. शेजारच्या पार्वतीबाईंना त्यानं सांगितलं, की वीजघराच्या धुराड्याची राख तुळशीला घातली की तुळस सांजेला बोलते. बाई आठ दिवस कुंडीला कान लावून बसल्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, ऐकू आलं.

घरात सून गोपिका. ती पाळण्यात असतानाच तिची आई गेलेली. आणि नात अरू, चौदा महिन्यांची. दिवाळीपासून अरूला खोकला लागला तो हटेना. दुपारी बरी असायची, दिवेलागणीला अंग तापायचं. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, पोरीची छाती नाजूक आहे, ऊब ठेवा, हा हिवाळा निघाला पाहिजे. हे शेवटचं वाक्य तो उगाचच हळू बोलला. ते गोपिकाच्या कानात जाऊन बसलं.

तिनं गोधडी घालायचं ठरवलं.

यांच्यात लेकराच्या गोधडीची एक रीत होती. पोटातला थर आजीच्या लुगड्याचा. धुऊन धुऊन मऊ झालेलं, आजीच्या अंगाचा वास मुरलेलं. दोन बायांनी समोरासमोर बसायचं, चारही कडांनी धावदोरा घालत आत आत सरकायचं. मध्ये चार बोटं जागा उरली की तिथं भाकरीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे गोधडीचं पोट उपाशी राहत नाही, आणि मग शेवटचा टाका लेकराच्या मायनं घालायचा. मधला टाका ज्या हातानं पडला, त्या हाताचं ते लेकरू. गोधडीला मग दुसरी माय कळत नाही.

"मामाजी," गोपिका सासऱ्याला म्हणाली, "गावी जाऊन सासूबाईंचं एखादं लुगडं आणा ना."

"एखादं काहून वं? पेटी भरून हायेत. महाराणी होती तुही सासू."

पेटीत एक डांबराची गोळी होती. बायको प्रयागबाई गेली त्याच वर्षी म्हाताऱ्यानं तिचं शेवटचं हिरवं लुगडं भांडेवालीला देऊन स्टीलचा एक ग्लास घेतला होता. त्या ग्लासात तो रोज चहा प्यायचा, आणि कुस्तीत बक्षीस मिळाला म्हणून सांगायचा. आता सुनेला काय सांगणार? बसनं शहरात गेला, इतवारीच्या बाजारात उतरला. कापडाच्या गल्लीच्या टोकाला जुन्या कपड्यांचे ढीग मांडून एक बाई बसायची. तिच्याकडून त्यानं हिरवं, विटकं, मऊसूत लुगडं निवडलं. नाकाशी धरलं तर ओव्याचा, बाळंतशेपेचा वास आला. बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात तसा. पदराच्या टोकाला गाठ होती.

"गाठीत काय हाय?" त्यानं विचारलं.

"आम्ही पाहत नसतो बाबाजी," ती म्हणाली. "आमच्या धंद्यात गाठ सोडत नाहीत. जशी आली तशी गेली पाहिजे."

असं सांगितल्यावर शालिकराम ती सोडल्याशिवाय राहील? चार पावलं पुढं जाऊन त्यानं दातांनी गाठ सोडली. आत पैसा नव्हता. काळ्या दोऱ्यात ओवलेली लेकराची मनगटी निघाली, काळे-पांढरे पाच मणी. घेर इतका लहान की त्याचं बोटही जेमतेम जावं. हे सुनेनं पाहिलं तर थाप उघडी पडणार. त्यानं मनगटी नालीत फेकली आणि गुणगुणत बस धरली.

गोपिकानं लुगडं छातीशी धरलं. "सासूबाईंचा वास," ती म्हणाली. म्हातारा दुसरीकडे पाहू लागला.

दुसऱ्या दिवसापासून शिवण सुरू झालं. केशव दुपारपाळीला, कॉलनी सामसूम, उन्हात राखेचे कण हळूहळू खाली येत. फरशीवर गोधडी पसरलेली, चार कोपऱ्यांवर चार विटा, एका बाजूला गोपिका. समोरची बाजू रिकामी. पार्वतीबाईंना बोलावलं होतं, पण राखेनं डोळे आले म्हणून त्या घरी पडून होत्या.

तिसऱ्या दुपारी गोपिका बाहेर आली. "मामाजी, समोरून कोणी शिवलं?"

"मी."

"तुमच्यानं सुईत दोरा तरी जाते का?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "या ना, पाहा."

समोरच्या कडेनं दोन ओळी घातलेल्या. टाके बारीक, तांदळाच्या कणीएवढे, आणि डावीकडे कललेले. गोपिकाच्या ओळींना सामोरे आलेले.

"सासूबाईच येऊन राहिल्या," गोपिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नातीसाठी…"

म्हाताऱ्याच्या तोंडावर आलेली थट्टा तिथंच विरली. प्रयागबाईला शिवता कधी आलं? तिनं एकदा त्याच्या सदऱ्याला बटण लावलं, तर खिसाच शिवून टाकला होता.

मग रोजचं झालं. गोपिका दुपारी नळावर पाण्याला जाऊन यायची, तोवर समोरची एक ओळ वाढलेली असायची. ती समोर पाटावर भाकरीचा तुकडा ठेवू लागली. आणि अरूचा ताप उतरला. अर्धवट गोधडीवर ती तासन्‌तास निजायची, खोकला नाही की रड नाही. डॉक्टरनं नळी लावून छाती ऐकली, परत ऐकली, म्हणाला, नवल आहे. गोपिकाच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांनी रंग आला. शालिकराम सोडून सगळे खूश होते.

एका दुपारी तो दारातल्या बाजेवर होता. गोपिका नळावर गेलेली. आत अरू हसली. त्यानं मान वळवली.

पोरगी गोधडीच्या मधोमध बसली होती. आईच्या बाजूला पाठ. समोरच्या रिकाम्या जागेकडे तिनं उजवा हात पुढं केला होता, मनगट वर करून, बांगडी भरून घेताना बायका करतात तसा. समोरच्या कडेला गोधडी दबलेली होती… दोन ठिकाणी… कोणी मांडी घालून बसल्यावर गुडघ्यांखाली दबावी तशी. खोलीभर ओव्याचा, शेपेचा वास.

"माय," अरू म्हणाली. तिनं हा शब्द आजवर कधी उच्चारला नव्हता. गोपिकालाही नाही.

म्हातारा कसाबसा उठून आत गेला. दबलेली जागा हलकेच वर आली. तिथं, नुकत्याच घातलेल्या ओळीच्या टोकाला, काळ्या दोऱ्याचं एक कडं शिवलेलं होतं. लहानसं, गोल. त्याचं बोट जेमतेम मावेल एवढं. घरात काळा दोरा नव्हता.

त्यानं दाढीचं पातं आणलं आणि समोरचे टाके उसवायला घेतले. एक ओळ उसवली, दुसरी उसवली. तिसरीला पातं लागलं तशी अरू मागं कलंडली. अंग तव्यासारखं. डोळे वर. तो घाबरून ओरडला, गोपिका घागर टाकून धावली. ती लेकराला छातीशी घेऊन बसली आणि म्हातारा अंगणात उभा राहिला, हातातलं पातं लपवून. वीजघराचा पाळी सुटल्याचा भोंगा झाला तोवर ताप उतरला होता. तो आत गेला. उसवलेल्या ओळी जागच्या जागी होत्या.

म्हणजे जाळायची सोय नाही, उसवायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी तो इतवारीत गेला. जुन्या कपड्यांच्या बाईची जागा रिकामी होती. कुठं गेली, कोणाला ठाऊक नाही. त्यानं काडी घेतली आणि नाली उकरू लागला. लोकांनी विचारलं, काय हरवलं गा बाबा? सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, सोन्याची अंगठी. मग काय विचारता! दहा माणसं नालीत उतरली. दोन हमाल, एक पेढीवाला, छत्रीनं उकरणारा एक मास्तर. बिल्ले निघाले, कंगवा निघाला, कोणाची तरी कवळी निघाली. काळे-पांढरे पाच मणी निघाले नाहीत. इतक्या दिवसांत ती नाली कितीदा वाहून गेली असेल. म्हातारा कठड्यावर बसला आणि लोकांसमोर रडला. लोकांना वाटलं, अंगठी भारीची होती.

तो परतला तेव्हा उन्हं कलली होती. गोपिका गोधडीशी बसली होती. मांडीवर अरू नव्हती. ती समोरच्या बाजूला, काठाशी, रिकाम्या जागेला टेकून निजली होती. मध्ये चार बोटं जागा उरलेली. भाकरीचा तुकडा ठेवलेला. गोपिकाची सुई ओवलेली होती, पण ती फरशीवर पडून होती.

शालिकराम उंबऱ्यात बसला. उभ्या जन्मात खरं बोलायची सवय नाही.

"गोपिका… ते लुगडं तुह्या सासूचं नोहे वं. तिचं तर मी भांडेवालीले देऊन टाकलं होतं. ग्लासासाठी. हे इतवारीतून आणलं… कोणाचं, देव जाणे."

ती आता हसेल, म्हणेल पुरे झाली मस्करी, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण ती हसली नाही. समोरच्या रिकाम्या जागेवरून तिनं नजरही काढली नाही.

"ठाऊक हाय मले," ती हळू आवाजात म्हणाली. "चार दिवस मलेबी सासूबाईच वाटल्या. मंग वाटलं, कोणी का असेना, माह्या लेकराले जगवून राहिली… पण काल ती अरूचं मनगट धरून रडली, मामाजी. म्हणे, पदराच्या गाठीत माह्या पोरीची मनगटी होती. ती आणून देली तर मधला टाका तू घाल, मी उठून जाईन. नाही तर तो माहा." तिनं लुगड्याचं सुटलेलं टोक उचलून त्याच्यापुढं धरलं. "गाठ तुम्हीच सोडली ना? मंग कुठं ठेवली मनगटी, सांगा. आन् जरा मोठ्यानं सांगा, तिलेबी ऐकू जाऊ द्या."