मोहनरावांची साक्ष

सासऱ्यांच्या कोटाची कॉलर नीट करताना, हाच कोट घालून ते आज आपल्याविरुद्ध साक्ष देणार, या विचाराने कल्याणीचे हात थबकले...

"बाबा, गोळी घेतलीत?"

"घेतली." मोहनरावांनी नजर टाळली. "अजूनही केस मागे घे. ट्रस्टची अब्रू जाईल."

"आणि माझी, बाबा?"

ते दाराकडे वळले.

तिचा नवरा नकुल वारल्यावर लंडनमधल्या ईलिंगच्या घरात ही दोघंच उरली होती. मँचेस्टरला माहेरी परत ये म्हणून आई रडली, तरी तिने या म्हाताऱ्या जिवाला एकटं सोडलं नव्हतं. जवळच्या स्लाऊमधलं मंदिराच्या ट्रस्टचं वृद्धांचं डे सेंटर तिने मॅनेजर म्हणून सहा वर्षं जिवापाड सांभाळलं. मग आंबेडकर जयंतीला तिने रजा मागितली, ती बौद्ध असल्याचं कमिटीला कळलं आणि महिन्याभरात नियम निघाला, की मॅनेजरने रोज आरती केलीच पाहिजे. तिने नम्रपणे नकार दिला, नोकरी गेली, आणि तिने ट्रस्टवर केस केली. त्या नियमाखाली ट्रस्टी म्हणून सही होती मोहनरावांची...

हे काम हिंदू व्यक्तीनेच करणं गरजेचं आहे, असं ट्रस्टने नोकरीचे दावे ऐकणाऱ्या ट्रायब्यूनलपुढे मांडलं. तिच्या वकीलबाईंनी मोहनरावांना विचारलं, "सहा वर्षं आरती कोण करत होतं?"

"पुजारी."

"मग हा नियम कशासाठी?"

मोहनरावांचा चेहरा पांढरा पडला. कल्याणीला ते बघवेना. ती वकीलबाईंच्या कानाशी झुकली, "थांबवा... नको मला ही केस."

"नको, कल्याणी," मोहनराव मराठीत म्हणाले. "बोलू दे मला."

मग ते न्यायाधीशांकडे वळले. "जेवण, औषधं, मिनीबस, एवढंच तिचं काम होतं, आणि ते तिने चोख केलं. नियम तिला काढण्यासाठीच केला. ती बौद्ध आहे हे लग्नापासून बारा वर्षं मीच लोकांपासून लपवलं होतं. मला लाज वाटायची... आज माझीच वाटते."

बाहेर कॉरिडॉरमध्ये ट्रस्टची माणसं त्यांच्याकडे न पाहता निघून गेली. चाळीस वर्षांचे स्नेही होते ते. मोहनराव बाकावर एकटेच बसले. कल्याणी जवळ जाऊन बसली.

"तुझ्या आईबाबांना मी कधी घरी बोलावलं नाही," ते अखेर म्हणाले. "मँचेस्टरला फोन लावतेस?"

ओल्या डोळ्यांनी तिने नंबर लावला.

"आई... बाबांना तुमच्या दोघांशी बोलायचंय."