अठरा नंबरची काडी

शाळेचं खोकं आलं तेव्हा भिंगरीच्या आईनं आधी ते उघडून मोजलं. शिवणकामावर जिचा दिवस सरतो, तिला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. गुंड्या मोजायच्या, बाह्या मोजायच्या, आणि साथ आल्यापासून दिवसही मोजायचे. शाळा नऊ महिने बंद होती. आता उघडणार होती, पण एका अटीवर. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातच्या आत मुलाची घरीच तपासणी करायची, तपासणीच्या पट्टीवर त्याच्या हजेरी नंबराचं लेबल लावायचं आणि फोटो शाळेला पाठवायचा. फोटो नाही तर फाटकाच्या आत पाऊल नाही.

तपासणीचे महिन्याला आठ संच हवे होते. निघाले सोळा. आठांबरोबर सतराची लेबलं होती, आणि भिंगरीचा नंबर सतराच होता. उरलेल्या आठांबरोबर अठराची. घाईगडबडीत दुसऱ्या कुणाचं सामान आपल्या खोक्यात पडलं असणार, असं म्हणून आईनं ते आठ संच कपाटावर ठेवून दिले.

घरात माणसं दोनच. भिंगरीचे बाबा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. साथीमुळे त्यांचं जहाज परक्या बंदरात अडकून पडलं होतं, दर रविवारी फोन तेवढा यायचा. आठ वर्षांची भिंगरी एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून तर हे नाव पडलेलं. पण नऊ महिन्यांत तिला बोलायला एक मूल मिळालं नव्हतं. मग ती आईच्या डब्यातल्या गुंड्या फरशीवर ओळीनं मांडायची आणि हजेरी घ्यायची. प्रत्येक गुंडी वेगळ्या आवाजात "हजर" म्हणायची, आणि सगळे आवाज भिंगरीचेच. मशीनमागे बसून ते ऐकताना आईला भरून यायचं. ती पायडल जोरात दाबायची, म्हणजे मशीनच्या आवाजात ऐकू येणार नाही.

पहिल्या सोमवारी दोघी पहाटेच उठून बसल्या. तपासणी सोपी होती. नाकात काडी घालून पाच वेळा फिरवायची, ती नळीतल्या पाण्यात बुडवायची, आणि त्यातले चार थेंब पट्टीवर टाकायचे. पंधरा मिनिटांनी बघायचं. वरची रेघ आली म्हणजे पट्टी नीट ओली झाली, ती कुणाचीही येणारच. तिच्याखाली दुसरी आली तर आजार.

"आई, गुदगुल्या होतात," म्हणत भिंगरी खुर्चीवर नुसती वळवळत होती. पंधरा मिनिटं तिला निघेनात. नळीतून काढलेली काडी तिनं उचलली आणि मुठीकडचं टोक चघळत बसली.

"टाक ती. घाण असते."

"हे टोक नाकात नव्हतं घातलं," भिंगरी म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पिशवीत टाकताना आईनं पाहिलं, प्लास्टिकवर दातांची ओळ उमटली होती आणि मधोमध मोकळी जागा होती. वरचा पुढचा दात पडून महिना झाला होता, नवा यायचं नाव घेत नव्हता. वापरलेल्या काड्या फेकायच्या नसत, नंबर लिहिलेल्या पिशवीत बंद करून ठेवायच्या असत.

एकच रेघ आली. फोटो गेला. नवे बूट घालून भिंगरी निघाली आणि अर्ध्या तासात रडत परत आली. पहारेकऱ्यानं फाटकावरच अडवलं होतं.

आईनं शाळेत फोन लावला. कारकूनबाईंनी उचलला.

"तुमच्या घरून अठराचा फोटो आलेला नाही," त्या म्हणाल्या. "एका घरातला एक जरी राहिला, तरी कुणालाच आत घेत नाहीत."

"अहो बाई, अठरा नंबर आमचा नाहीच. मला एकच मुलगी आहे."

"यादीत दोन आहेत. तुमचाच पत्ता, तुमचाच फोन."

"मग यादी चुकलीय."

"चुकलीही असेल. पण यादी वरून येते, माझ्या हातात काही नाही. अर्ज करा. दोनेक महिने धरून चाला."

दोन महिने. दाराशी बूटही न काढता बसलेल्या भिंगरीकडे आईनं पाहिलं. बाईंनाही दया आली असावी, कारण त्यांचा आवाज खाली आला. "हे बघा, मी सांगितलं म्हणून सांगू नका. कोरडी काडी बुडवायची नळीत. एक रेघ येतेच. लेबल लावायचं, पाठवून द्यायचं. कोण बघायला बसलंय?"

आईला खोट्याची चीड होती. अर्धं बोट कापड खाणाऱ्या शिंप्यालाही ती दारात उभं करत नसे. पण गुरुवारी तिनं सतराच्या पट्टीशेजारी अठराची पट्टी मांडली आणि कोरडी काडी नळीत बुडवली. एक रेघ आली. सव्वाआठला भिंगरी फाटकातून आत गेली. संध्याकाळी तिचं बोलणं संपता संपेना, आणि आईचा जीव भांड्यात पडला.

घर मात्र दिवसभर खायला उठायचं. दुपारी आई गुंड्यांचा डबा उघडून बसायची आणि उगाच मोजायची.

तिसऱ्या आठवड्यात भिंगरी म्हणाली, "आज तिची आधी कर. नेहमी मीच आधी."

"कुणाची?"

"अठराची."

आई हसली. गुंड्यांची जागा आता अठरानं घेतली तर. तिनं काडी पाकिटातून काढली, नळीकडे नेली, आणि थांबली. काडीचं टोक ओलं होतं. तिनं पाकीट उजेडात धरलं. बंद होतं ते, आत्ता तर तिनं फाडलं होतं. दमट हवेत असं होत असेल, ती मनाशी म्हणाली. बोट लावून पाहिलं तेव्हा ओल कोमट लागली.

त्या रविवारी बाबांचा फोन आला. लाइनीत खरखर होती. जेवणाचं झालं, बंदराचं झालं, आणि ठेवताना ते म्हणाले, "तिघी जपून राहा."

"तिघी कोण?"

"म्हणजे काय? तू आणि पोरी."

ती पुढं काही बोलायच्या आत लाइन तुटली. माणूस थकलाय, चार महिने जमिनीवर पाय नाही त्याचा, असं तिनं स्वतःला समजावलं. त्या दिवशी तिनं एक बाही उलटी लावली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

पुढच्या सोमवारी अठराच्या पट्टीवर दोन रेघा आल्या.

आई पट्टी हातात धरून बसून राहिली. काडी कोरडी होती. या खेपेला तिनं दोनदा चाचपून पाहिली होती. ती कुणाच्याच नाकात गेली नव्हती. दुसरा संच उघडावा, तर ते मोजून मिळालेले, आणि फोटो न पाठवावा, तर सातला दहा कमी होते. बाजूला भिंगरी दप्तर घेऊन उभी. आईनं दोन्ही फोटो पाठवून दिले. चूक आहे हे निदान आता तरी कुणाच्या ध्यानात येईल, असं तिला वाटलं.

भिंगरी फाटकावरूनच परत आली, आणि दुपारी आरोग्यसेविका आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, डोळे तेवढे दिसत होते. तिनं उंबरठ्यावरूनच घर न्याहाळलं.

"त्या आतल्या खोलीला न्हाणीघर आहे का?"

"आहे. पण ऐका तरी, अठरा नंबर असं कुणी..."

"मग तिला तिथं ठेवा. सात दिवस. दार बंद, ताट दाराखालून सरकवायचं. दुसरीची रोज तपासणी. सातव्या दिवशी दोघींची एक रेघ आली, तर दोघी शाळेत." तिनं सतराच्या रोजच्या तपासणीसाठी सात नवे संच टेबलावर ठेवले आणि आतल्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला. जाताना आवाज जरा मऊ करून म्हणाली, "लहान आहे, रडेल. कडी घाला. आया ऐनवेळी पाघळतात."

ती गेल्यावर भिंगरीनं आपली गोधडी उचलली. "मी तिला ही देऊन येते. आणि टाटा करून येते."

आईनं नको म्हणायला हवं होतं. पण सात दिवस पोर पुन्हा घरात कोंडली जाणार, तेवढा खेळ खेळू दे म्हणून तिनं जाऊ दिलं. खोलीत कापडाचे गठ्ठे, एक खाट आणि उंच खिडकी, एवढंच होतं. भिंगरी उड्या मारत आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली, सावकाश चालत. आईनं दार ओढलं. आत कुणी आहे यावर विश्वास तर नव्हता, तरी तिनं कडी घातली.

संध्याकाळ व्हायच्या आत दारावर थाप पडली. एकदा, मग तीनदा. भिंगरी टेबलापाशी बसली होती, हात मांडीवर. पुन्हा थाप पडली तेव्हा आई दाराशी गेली आणि स्वतःचीच लाज वाटत असताना जोरात ओरडली, "आवाज केलास तर शाळा बंद. कायमची. समजलं?"

थाप थांबली.

त्यानंतर सात दिवस त्या खोलीतून शब्द आला नाही. भिंगरी ताट घेऊन जायची, दाराखालच्या चार बोटांच्या फटीतून आत सरकवायची, आणि ते रिकामं परत यायचं. भिंगरीच दाराशी बसून खात असणार, असं आईनं ठरवून टाकलं. कधी दाराशी कुजबुज ऐकू यायची, दोन आवाजांत. गुंड्यांच्या हजेरीची आठवण काढून ती मशीन सुरू करायची.

भिंगरी शहाण्यासारखी वागत होती. केस विंचरताना हलत नव्हती. सकाळी मान मागं टाकून बसायची, आई पाच वेळा काडी फिरवायची, ती हूं की चूं करत नव्हती. एका जागी अख्खी दुपार बसायची. पोर एका आठवड्यात मोठी झाली, असं आईला वाटलं, आणि वाईटही वाटलं. रोज तिच्या पट्टीवर एकच रेघ यायची, पण कालच्यापेक्षा जरा फिकी. या पेटीतला मालच खराब, आई म्हणाली.

सातव्या सकाळी सतराच्या पट्टीवर एकही रेघ आली नाही.

आईनं पंधरा मिनिटांवर आणखी पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग शेवटचा संच उघडला, तपासणी पुन्हा केली. चार थेंब पट्टीत मुरताना तिनं डोळ्यांनी पाहिले. पट्टी पांढरीच राहिली. कोरड्या काडीलाही रेघ येत होती. नुसतं पाणी टाकलं तरी येते म्हणतात.

समोर भिंगरी खुर्चीवर बसली होती. मान मागं, डोळे छताकडे, न सांगता तशीच.

टेबलावर काडी पडली होती. आईनं ती उचलून बघितली. मुठीकडचं टोक गुळगुळीत होतं.

तिनं सतराची पिशवी उघडली आणि काड्या फरशीवर ओळीनं मांडल्या. जुन्या सगळ्या चावलेल्या. दोन रेघा आल्या त्या सोमवारचीही चावलेली. दार बंद झालं त्यानंतरची एकही नाही. तिनं पुन्हा मोजल्या. मोजण्यात तिची चूक होत नसे.

अठराचा संच हातात घेऊन ती आतल्या दाराशी गेली. खाली बसून तिनं तो फटीतून आत सरकवला.

आत पाकीट फाटल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. पंधरा मिनिटं ती दाराला कपाळ टेकून बसून राहिली.

फटीतून पट्टी बाहेर आली. एक रेघ, ठळक. तिच्यामागून काडी आली.

काडीच्या टोकावर दातांची ओळ होती. मधोमध मोकळी जागा.

"मी आवाज नाही केला," आतून अगदी हळू कुणीतरी म्हणालं. "आता शाळेत जाऊ ना, आई?"

आईचा हात कडीकडे गेला. कडी वर उचलेपर्यंत मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही, पावलांचाही नाही. फक्त तिच्या स्वेटरची कड मागून कुणीतरी अलगद धरली, आणि भिंगरीच्याच आवाजात म्हणालं, "हजर."