दादा, गेटवर आहेस ना?

मागचा दिवा पुन्हा लागला, एवढंच झालं होतं.

ग्रंथालयाकडून मुलींच्या वसतिगृहाकडे जाणाऱ्या वाटेवरचे दिवे तसे शहाणे. खालून माणूस गेलं की लागायचे, पुढं सरकलं की थोड्या वेळानं आपोआप विझायचे. वीज वाचावी म्हणून केलेली सोय. त्यामुळे चालणाऱ्या पोरीच्या डोक्यावर तेवढा उजेड, पुढं काळोख, मागं काळोख. ती बरीच पुढं आली होती. मागचे दिवे एकेक करून विझले होते. आणि मग सगळ्यात मागचा, ग्रंथालयाच्या पायरीजवळचा, टक् करून परत लागला.

"मांजर असेल," धाकटी भाची म्हणाली.

"मांजराला लागत नाहीत ते," मामा म्हणाले. "मीच बसवलेत. कमरेच्या वर काही हललं तरच लागतात. नाहीतर रात्रभर कुत्र्यांचीच दिवाबत्ती करत बसलो असतो."

जेवणं उरकली होती. वीज गेली होती म्हणून तिघं गॅलरीत येऊन बसली होती. थोरली भाची उद्या सकाळच्या गाडीनं पहिल्यांदाच वसतिगृहात राहायला निघायची होती. तिची बॅग आत दाराशी अर्धवट भरून, तोंड उघडं टाकून पडली होती. मामा विद्यापीठात वायरमन. गोष्टीतली मुलगी त्यांच्या भांडारातल्या जोडीदाराची, म्हणजे ऐकीव गोष्ट नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.

"मामा, उद्या मला जायचंय," थोरली म्हणाली. "आजच सुचलं का तुम्हाला?"

"अगं, जायचंय म्हणूनच सांगतोय."

त्या मुलीला वसतिगृहात सगळ्या ससा म्हणत. पान पडलं तरी दचकायची. खोलीतल्या पोरी मुद्दाम मागून येऊन भॉक करायच्या, आणि ती हातातलं सगळं टाकून किंचाळायची. त्याच दिवशी दुपारी वर्गात प्रश्नावली वाटली होती. रात्री आवारात किती सुरक्षित वाटतं, एक ते पाच. सशाचा हात एकवर गेला होता. शेजारच्या दोघी वाकून बघतायत म्हटल्यावर तिनं पाचवर खूण केली. आणि ती खूण खरी करून दाखवायला रात्री एकटीच ग्रंथालयात जाऊन बसली. "येऊ का गं घ्यायला?" असं मैत्रिणीनं विचारलं तर म्हणाली, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

गुरुवारची रात्र. परीक्षा सोमवारी. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, चांगलं टिपूर चांदणं होतं, फक्त वाटेवरच्या झाडीखाली ते पोचत नव्हतं. बारा वाजता ग्रंथालय बंद झालं तेव्हा बाहेर पडणारी ती शेवटची.

मागचा दिवा लागला तशी ती थांबली. दिव्याखाली कोणी नव्हतं.

ती चालू लागली. जरा भरभर. मग त्याच्या पुढचा दिवा लागला.

आता वसतिगृहातल्या पोरींची एक जुनी युक्ती होती. थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायची, त्यांनी त्यांच्या धाकट्यांना. रात्री त्या वाटेवर भीती वाटली की फोन कानाला लावायचा आणि मोठ्यांदा बोलायचं. हो दादा, आलेच. तू गेटवर आहेस ना? थांब तिथंच. पलीकडं कोणी नसायचं. ऐकणाऱ्याला वाटावं की हिची कोणीतरी वाट बघतंय, एवढ्यासाठी ते नाटक. भाऊ असो नसो, सगळ्यांचा दादा रोज गेटवर उभा असायचा. सशाला तर सख्खा, चुलत, कसलाच भाऊ नव्हता.

तिनं फोन कानाला लावला. "हो दादा, पोचलेच. तू गेटवर आहेस ना?"

आवाज इतका चिरका निघाला की तिचं तिलाच कसंतरी झालं. पण पुढं वळणावर पोचल्यावर तिच्या जिवात जीव आला. वसतिगृहाच्या गेटवरचा दिवा लागलेला होता. म्हणजे पहारेकरी तिथं उभा होता. ती पळतच सुटली.

गेटवर पोचली. पहारेकऱ्याची खुर्ची रिकामी. दिव्याखाली कोणी नाही.

मग दिवा कोणासाठी लागला होता?

हा विचार तिनं तिथं केला नाही. कार्ड लावलं, काचेचं दार उघडलं, आत शिरली. दार मागं बंद झालं.

त्या वसतिगृहाला दोन दारं. एकामागं एक, दोन्ही काचेची, मधे चार माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. पोरी तिला डबा म्हणायच्या. बाहेरचं दार मिटल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, दोन्हींना कार्ड लागायचं. बाहेरच्या कोणी मागोमाग घुसू नये म्हणून केलेला बंदोबस्त. तिनं आतल्या दाराला कार्ड लावलं.

लाल दिवा.

पुसून लावलं. लाल. उलटं लावलं. लाल. वळून बाहेरच्या दाराला लावलं.

तिथंही लाल.

"अशी कशी वस्तू बसवता हो मामा?" थोरली एकदम बोलली.

"दारं माझ्याकडं नाहीत. माझ्याकडं फक्त दिवे."



सशानं आतल्या काचेवर थापा मारल्या. आत जिना, जिन्याशी चपलांची रांग, भिंतीवर सूचनाफलक. सगळं हाताच्या अंतरावर, आणि सगळं झोपलेलं. मैत्रिणीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मदतीचा नंबर लावला. एक गोड बाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा. तीच बाई, तेच वाक्य. पुन्हा. पुन्हा. मग फोन थरथरला आणि त्याचा पडदा काळा झाला.

चार्जिंग संपलं होतं.

तिनं बाहेर बघितलं.

वळणावरचा दिवा लागला.

विझला. त्याच्या अलीकडचा लागला.

घाई नव्हती. अजिबात. रस्ता ठाऊक असलेल्या माणसासारखं काहीतरी येत होतं. आणि दिव्याखाली नुसती वाट. नुसती फरशी.

अलीकडचा लागला...

गेटच्या आधीचा शेवटचा लागला.

आणि बराच वेळ विझलाच नाही. काहीतरी तिथं उभं होतं. हलत होतं. तिच्याकडं बघत होतं, की गेटकडं, ते कळायला मार्ग नव्हता.

तिची पाठ आतल्या काचेला चिकटली. पुढं काच, मागं काच. डब्यातली हवा जड झाली. मग तो दिवाही विझला, आणि बाहेरच्या दाराची मूठ...

सावकाश...

खाली झाली.

बुडत्याला काडीचा आधार. तिच्या हातात मेलेला फोन होता. तिनं तो कानाला लावला. का, ते तिलाही सांगता आलं नाही. डोळे गच्च मिटले आणि ती म्हणाली,

"दादा... गेटवर आहेस ना?"

मामा थांबले.

धाकटीनं पाय खुर्चीवर घेतले.

"मामा, वाचली ना ती?" थोरलीनं विचारलं. "तेवढं आधी सांगा."

"वाचली. सकाळी झाडणाऱ्या बाई आल्या, त्यांनी दार उघडलं. पोरगी कोपऱ्यात बसलेली, फोन कानालाच. अंगावर ओरखडा नाही. दार रात्रभर उघडलं गेलं नव्हतं."

"मग झालं तर," थोरलीनं श्वास सोडला. "घाबरली असेल, भास झाले असतील."

"असतील. पण संध्याकाळी अंधार पडल्यावर माझ्याकडं तक्रार आली. गेटवरचा दिवा विझत नाही. गेलो. खाली चिटपाखरू नाही, आणि दिवा चालू. सेन्सर बदलला. नवा बसवला, तोही चालूच. शेवटी नाद सोडला. पोरी निघून गेल्या, नव्या आल्या, त्याही दादाला गेटवर थांब म्हणतात. आजही अंधार पडला की तो दिवा लागतो, तो उजाडेपर्यंत. बाकीचे लागतात, विझतात. तो नाही. आणि त्या रात्रीपासून शेवटच्या खांबाच्या अलीकडं ते काही आलेलं नाही."

"पण फोनवर?" धाकटीचा आवाज बारीक झाला होता. "तिनं विचारलं, मग?"

मामा खुर्चीत पुढं सरकले.

मग काय... डोळे मिटलेले. दोन काचांच्या मधे ती. कानाला बंद फोन. बाहेरची मूठ हळूच परत वर गेली. पाऊल नाही, श्वास नाही. सगळं गप्प.

आणि मेलेल्या फोनमधून कोणीतरी, अगदी घरातल्या माणसासारखं, म्हणालं,

"आहे ना गं. रोजच असतो."