डाव्या खांद्यावरचा वळ

हे खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. मला कुणाची शाबासकी नको आहे. पण यातला शब्द न् शब्द माझ्या डोळ्यांदेखत घडला आहे, आणि ज्याच्या अंगावर घडला तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

आणि एक आधीच सांगते. यात मध्यरात्र नाही, पडका बंगला नाही. जे झालं ते भरदिवसा झालं. एका मंगळवारी, दुपारी अडीच वाजता सुरू झालं.

तेव्हा मी एका वकिलांकडे नोकरीला होते. अपघाताच्या नुकसानभरपाईच्या केसेस, त्यातही बहुतेक ट्रकच्या. ऑफिसात मला 'भोंगा' म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावर मी फोनवर बोलायला लागले की खाली रस्त्यावरची माणसं वर बघायची.

माझं काम बाहुला भरायचं.

बाहुला म्हणजे छापील कागदावरची माणसाची आकृती. एक समोरून, एक पाठीमागून. दवाखान्यात जायचं, जखमी माणसाला नीट बघायचं आणि लाल पेनाने खुणा करायच्या. हाड मोडलं तिथे फुली. टाके तिथे रेघ. वळ असेल तिथे तिरप्या रेघा. जखम ताजी असतानाच भरायचा, कारण वळ पंधरा दिवसांत विरतात आणि केस वर्षानुवर्षं चालते. खाली माझी सही. नऊ वर्षांत माझी एक फुली इकडची तिकडे झाली नव्हती.

ट्रकच्या अपघातात काय होतं ते मला तोंडपाठ. मान झटकून मणका दुखावतो. बरगड्या मोडून फुप्फुसात घुसतात. मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर येतं. कधी डोक्याला मार बसतो, वरून काही दिसत नाही, आणि आठ दिवसांनी माणूस बायकोला विचारतो, तुम्ही कोण?

आणि सीटबेल्टचा वळ. चालवणारा उजवीकडे बसतो, त्याचा वळ उजव्या खांद्यावरून खाली उतरतो. शेजारी बसलेल्याचा डाव्या. वळ बघून मी सांगायचे, कोण कुठे बसलं होतं.

त्या मंगळवारी फोन आला.

"छोट्याच्या ट्रकला अपघात झालाय."

छोट्या म्हणजे माझा भाऊ. ट्रकवर मदतनीस होता. चालवणारे होते उस्ताद. पन्नाशीचे, जाडजूड, सगळे त्यांना उस्तादच म्हणत. उभ्या ट्रेलरवर यांचा ट्रक मागून आदळला. ट्रेलरमध्ये लोखंडी सळया होत्या, मागे हातभर बाहेर आलेल्या. काच फुटली आणि सळया सरळ आत घुसल्या. मग ट्रक मागे सरकला, उलटला आणि पेटला.

लोकांनी दोघांना ओढून रस्त्यावर निजवलं. केबिनचा कोळसा झाला.

उस्तादांच्या अंगातून पाच सळया आरपार गेल्या होत्या. मांडी, पोट, दंड, छाती. आणि गळा. त्यांना उचलताना रस्त्यावर जे सांडलं ते धुवायला दोन बंब पाणी लागलं म्हणे.

छोट्या वाचला. बरगड्या मोडल्या, उजव्या मांडीच्या हाडाचा चुरा झाला. पोलिसांना त्याने एवढंच सांगितलं, "उस्ताद चालवत होते. त्यांना झोप लागली."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात त्याचा बाहुला भरायला बसले. भाऊ असला म्हणून काय, काम ते काम. शर्टाची बटणं काढली.

वळ होता. तळहाताएवढा रुंद, जांभळा-काळा.

उजव्या खांद्यावर.

"छोट्या… चालवत कोण होतं?"

"ताई, हळू बोल ना गं!"

"कोण होतं?"

तो रडायलाच लागला. उस्तादांना सकाळपासून ताप होता. अर्धा तास धर म्हणाले. छोट्याकडे मोठ्या गाडीचं लायसन्स नव्हतं. उस्तादांनी स्वतः त्याला पट्टा बांधला. खट् करून अडकवला आणि दोन झटके देऊन बघितला, त्यांची सवयच होती ती. "हा सुटला तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?" असं म्हणाले आणि डावीकडे बसून डोळे मिटले. छोट्याने खाली पडलेला मोबाइल उचलायला मान वाकवली, आणि…

"उस्ताद ओरडलेसुद्धा नाहीत गं ताई. ओरडायला गळाच नव्हता."

मी सुन्न झाले. पण माझं डोकं नोकरीतलं, ते चालूच होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चार-पाच महिन्यांत दुसरं ऑपरेशन झालं तर पाय राहील, नाहीतर गुडघ्याच्या वरून कापावा लागेल. ते करायची आमची ऐपत नव्हती. छोट्या शेजारी बसला होता असं ठरलं तर भरपाई मिळणार. लायसन्स नसताना तोच चालवत होता असं ठरलं तर दमडी नाही, वर तुरुंग. दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'खांद्याला मार' लिहिलं होतं. कुठला खांदा, ते नाही.

ते लिहिणारी मीच.

मी तिरप्या रेघा मारल्या. सहा. डाव्या खांद्यावर. खाली सही केली.

आणि…

वॉर्डातला आवाज गेला.

पंख्याची घरघर, ट्रॉलीची चाकं, शेजारच्या म्हाताऱ्याचं कण्हणं. सगळं एकदम बंद. पंखा फिरत होता, म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, पण आवाज म्हणून नाही.

मग…

खट्.

पट्टा अडकवल्याचा आवाज. अगदी जवळून. छोट्याचा डावा खांदा गादीवरून उचलला गेला. एकदा. दोनदा.

"ताई, ओढतेस काय? दुखतंय!"

माझे दोन्ही हात कागदावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा उजवा खांदा साफ झाला होता. आणि डाव्या खांद्यावर ताजा वळ उमटला होता. बोटाएवढ्या सहा तिरप्या रेघा. माझ्या पेनासारख्या.

आता खरं सांगते, शिव्या घालायच्या तर घाला. मी घाबरले, पण मनात कुठेतरी मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणी तपासलं तरी आता पंचाईत नाही.

केस दाखल झाली. छोट्या घरी आला, पाय प्लॅस्टरमध्ये. महिन्याभराने पहिली तारीख पडली. विमा कंपनीच्या वकिलाने पुढची तारीख मागितली, झालं. मी घरी आले तर आई दारातच उभी होती. तिने नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

छोट्याच्या डाव्या मांडीला भोक पडलं होतं.

अंगठा जाईल एवढं गोल. आरपार. आतलं मांस तांबडं आणि कडेला गंज. हो, गंजच. चादर रक्ताने थबथबली होती आणि तो दात-ओठ खात गादी फाडत होता. "काढा गं कुणीतरी, काढा!" म्हणून किंचाळत होता. काढायला तिथे काहीच नव्हतं.

डॉक्टर आमच्यावरच खेकसले, "कुणी भोसकलं याला?"

दुसऱ्या तारखेला पोट. डावी बाजू. बेंबीपासून चार बोटं.

तेव्हा मी ऑफिसात जाऊन फाइल उघडली. उस्तादांच्या शवविच्छेदनाची प्रत त्यात होती. मांडी, पोट, दंड, छाती, गळा. सगळ्या जखमा डाव्या बाजूच्या, फक्त शेवटची मधोमध.

मी कागदावर छोट्याला डावीकडे बसवलं होतं. आता तो डावीकडेच बसला होता.

त्याच आठवड्यात उस्तादांची बायको ऑफिसात आली. तिचा दावा फेटाळला होता. नवरा चालवताना झोपला, चूक त्याचीच, मग भरपाई कसली? ती माझ्या टेबलासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, ते गाडीवर कधी झोपले नाहीत हो. डुलकी आली तर गाडी बाजूला घ्यायचे. माझी मुलं शाळेत मार खातात, तुझा बाप झोपला म्हणून. तुमच्या भावाला एकदा विचाराल?"

मी पाणी दिलं. म्हटलं, विचारते.

नाही विचारलं.

तिसऱ्या तारखेला दंड गेला. हाड दिसत होतं. मी धावत वकीलसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, भोकांचंही.

साहेबांनी चष्मा काढला. "भोंगा, तुझ्या सहीवर माझ्या दीडशे केसेस उभ्या आहेत. एक बाहुला खोटा निघाला तर बाकीच्या पांगळ्यांनी काय करायचं? आणि भावाचा पाय कुठून आणणार आहेस?"

मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

चौथ्या तारखेला छाती. त्या दुपारी छोट्याच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते आणि प्रत्येक श्वासाला भोकातून शिट्टी वाजत होती. तो माझा हात धरून म्हणाला, "ताई, उस्ताद रागावलेले नाहीत गं. ते नुसतं दाखवतायत, किती दुखलं ते. पुढच्या तारखेला मी खरं सांगतो."

"गप रे! पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे आणि त्याच दिवशी निकाल. निकाल लागला की तारखा संपल्या. तारखा संपल्या की हे संपलं."

असा माझा हिशोब. कोर्टात आयुष्य घालवलेल्या बाईलाच सुचावा असा. पाचवं भोक गळ्याला पडायचं होतं, आणि मला वाटत होतं, एक 'हो' म्हटलं की भोक पडायच्या आधी मी निकालापर्यंत पोचेन.

पाचवी तारीख. सकाळचे साडेअकरा. छोट्याला चाकाच्या खुर्चीवर आणला होता, अंगभर पट्ट्या, गळ्याला मी उगाच जाड मफलर गुंडाळला होता. मागच्या बाकावर उस्तादांची बायको बसली होती.

मला साक्षीला बोलावलं. न्यायाधीशबाईंनी बाहुला पुढे धरला.

"ही सही तुमची?"

"हो."

"हा वळ तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात?"

"हो."

"कुठल्या खांद्यावर होता?"

आणि…

पंख्याचा आवाज गेला. कागदांची सळसळ गेली. विमा कंपनीचा वकील खोकत होता, त्याचा खोकला ऐकू येईना.

खट्.

माझ्या कानाशी.

माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी रुंद, घट्ट बसलं. एक झटका. मग दुसरा. नीट बांधलंय ना, ते बघितल्यासारखा.

तेवढ्यातही थांबता आलं असतं. मी छोट्याकडे बघितलं. तो मान हलवत होता. नको, ताई, नको. मी त्याच्या पायाकडे बघितलं.

"डाव्या," मी म्हणाले.

गळ्यात लोखंड शिरलं.

दुसरं कशाला म्हणू? थंड, खरबरीत, अंगठ्याएवढं जाड. समोरून शिरलं आणि मानेच्या मणक्याला घासून मागे निघालं. कचकन आवाज झाला, तो मी आतून ऐकला. तोंडातून रक्ताची चूळ उडून बाहुल्यावर पडली. मी साक्षीदाराच्या कठड्यात उभीच्या उभी टांगली गेले होते, पाय जमिनीवरून सुटलेले. हातांनी ओढून काढायला गेले तर हातात काहीच नाही, नुसता गंज.

आणि त्या बहिऱ्या खोलीत एकच आवाज आला.

"मी चालवत होतो!" छोट्या खुर्चीतून ओरडत होता. "उस्ताद झोपले नव्हते! मी चालवत होतो! सोडा तिला, उस्ताद, सोडा!"

मी धाडकन खाली पडले.

पुढचं थोडक्यात. आमचा दावा गेला. उस्तादांच्या बायकोला भरपाई मिळाली. छोट्या आठ महिने आत होता, आणि पाय गुडघ्याच्या वरून गेला. पण त्याची चारही भोकं आठवड्याभरात भरून आली, डाग म्हणून राहिला नाही. उस्तादांची बायको त्याला भेटायला यायची. तिने त्याला माफ केलं. कसं केलं, तिचं तिला माहीत.

माझी नोकरी गेली. दीडशे केसेसचं काय झालं, ते विचारायचा मला धीर नाही.

त्या दिवशी कोर्टात इतकी माणसं होती. सगळे सांगतात, बाई चक्कर येऊन पडली, रक्ताची उलटी झाली. सळई कुणी बघितली नाही. डॉक्टरांनी चार वेळा घशात दुर्बीण घातली. म्हणाले, आत काहीही झालेलं नाही, सगळं ठणठणीत आहे.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. तुम्हाला वाटलं असेल, एवढी बडबडी बाई, ही लिहीत का बसली?

कारण 'डाव्या' हा माझ्या तोंडून बाहेर पडलेला शेवटचा शब्द.

रोज सकाळी तोंडाला गंजाची चव असते. चूळ भरते, आरशासमोर उभी राहते आणि प्रयत्न करते. जास्त काही नको, एकच शब्द. 'उजव्या'. तेवढा एकदा म्हणता आला तर सुटेन असं वाटतं.

ओठ बरोबर हलतात. छातीतून हवा येते. गळ्यापाशी आली की…

खट्.

आणि मग खांद्यावर दोन झटके बसतात.