टाकीतून आलेलं उत्तर

ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. भाऊ माझा सख्खा आहे, आणि त्या दिवशी क्लोरीनच्या व्हॉल्व्हवर हातही माझाच होता.

मी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर आहे. आमच्या लोखंडी टाकीत पाणी गाळणारे पडदे टांगलेले असतात. त्यांच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि पडदे तुंबतात. मग टाकी रिकामी करून आत क्लोरीनचं पाणी सोडायचं.

त्याआधी पान्याने टाकीवर तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं. आत कोणी असेल तर तो उलट ठोकतो. हा आमचा जुना शिरस्ता.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन.

धाकटा भाऊ माझ्याच पाळीत. घरचं शेंडेफळ, कामात धांदरट. तो जेवायला गेला असेल असं मी धरून चाललो. चूक माझीच.

तीन ठोके दिले.

काहीच नाही...

व्हॉल्व्ह फिरवायला घेतला. आणि आतून...

ठण्. ठण्. ठण्.

व्हॉल्व्ह तसाच उलटा फिरवून बंद केला. झाकण उघडून बॅटरी मारली. भाऊ तळाशी पालथा पडला होता. हातातून निसटलेला मोबाईल काढायला कुणाला न सांगता उतरला आणि सांडपाण्याच्या गॅसने बेशुद्ध झाला. हवेचा सिलिंडर लावून पाळीतले दोघे उतरले, दोराने त्याला वर काढलं. वाचला.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी तो शुद्धीत नव्हता.

भाऊ मला एवढंच म्हणाला, "दादा, मी नाही ठोकलं."

मी परत जाऊन टाकी पाहिली. आवाज आला त्या भिंतीवरही आतून तोच थर होता. नुसतं बोट लागलं तरी त्यावर ओरखडा उठतो.

एकही ओरखडा नव्हता...

गेल्या गुरुवारी पुन्हा धुण्याची वेळ आली. भाऊ घरी होता. पाळीतले नऊच्या नऊ जण मी समोर उभे केले. स्वतः आत उतरून कोपरान्‌कोपरा पाहिला. वर येऊन झाकण लावलं आणि ठोके दिले.

उत्तर आलं.

फोरमन म्हणाला, "सोड पाणी. आत कोणी नाही."

ते मलाही माहीत आहे. पण त्या आवाजाचं ऐकलं म्हणून माझा भाऊ आज जिवंत आहे. आता आत जे कुणी ठोकतंय त्याच्यावर कोणत्या तोंडाने क्लोरीन ओतू?

दुसऱ्या कुणाचाही हात पुढे येत नाही. पडदे तुंबत चाललेत, दाब वाढतोय. साहेब रोज विचारतात, आणि मी रोज उद्यावर ढकलतोय.