लाल दिवा झोपतच नाही!

"मामा, थांब! ती अंडी टाकू नकोस!"

चिमणी दोन्ही हात पसरून उबवणीच्या यंत्रासमोर उभी राहिली. सुट्टीत तिघं भावंडं मामाकडे आली होती: ताई, ढब्बू आणि ही धाकटी चिमणी. यंत्र कपाटाएवढं, काचेच्या दाराचं. आत मंद उजेडात बदकाची अंडी निजली होती, जणू चांदण्यांना कुणी पांघरूण घातलंय. एका अंड्यावर चिमणीने पेन्सिलीने चांदणी काढली होती. ते तिचं!

"अगं, कालपासून ऊब वाढतच नाहीये," मामा म्हणाला. "गारठली असणार बिचारी."

चिमणीने चांदणीचं अंडं अलगद उचललं, टॉर्चवर धरलं. आत लालसर नाजूक रेषांचं जाळं, आणि त्यात एक इवलासा ठिपका... धडधडत होता!

"जिवंत आहे!"

"आणि यंत्रही ठणठणीत आहे," दारात चहा पीत बसलेले वायरमनकाका म्हणाले. "कालच साफ केलंय मी. लाल दिवा बघा, एकसारखा पेटलाय!"

"तेच तर!" ढब्बू ओरडला. "आधी तो झोपायचा, काका!"

"दिवा झोपतो?"

"हो! पुरेशी ऊब झाली की टिक्, दिवा बंद. गार झालं की टिक्, परत जागा. ती टिकटिक ऐकत मला छान झोप लागायची."

"तुला टिकटिक नसली तरी लागते," ताई म्हणाली. पण तिची नजर यंत्रावरच्या दोन काट्यांवर गेली होती. एक दाब दाखवणारा, दुसरा विद्युतधारा. "दोनशे तीस व्होल्ट... एक अँपिअर."

काचेवरच्या वाफेवर तिने बोटाने गुणाकार मांडला. "शक्ती झाली दोनशे तीस वॅट. आणि या पट्टीवर लिहिलंय, दोन कॉइल, मिळून चारशे साठ! निम्मीच?"

"उरलेली कुणी खाल्ली?" ढब्बू म्हणाला. "माझ्याकडे बघू नका हं!"

"थांब रे. दाब भागिले धारा म्हणजे रोध. आत्ता दोनशे तीस ओहम. पण पूर्ण शक्तीसाठी दोन अँपिअर हवेत, तेव्हा रोध एकशे पंधराच! दुप्पट झालाय! काका, वीज दोन वाटांनी वाहायची ना? एक वाट बंद पडलीय. दिवा लागतो, पण तापतेय एकच कॉइल!"

काका हसू लागले. मग काट्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. त्यांनी मुख्य बटण बंद केलं, मागची पत्र्याची झाकणी उघडली. खालच्या कॉइलची वायर स्क्रूपासून सुटून लोंबकळत होती.

"पुसताना मीच सैल केली होती," ते पुटपुटले. "आवळायची राहिली."

वायर आवळली, बटण दाबलं. काटा दोनवर गेला! मग सगळे दिव्याकडे बघत बसले. खोली हळूहळू उबदार झाली, डोळे जडावले, आणि... टिक्! लाल दिव्याने डोळा मिटला.

"निज रे दिव्या, निज रे आता, पिल्लांना लागू दे झोप," चिमणी गुणगुणली.

पुढे एका शांत दुपारी पुन्हा 'टिक्' ऐकू आलं. ढब्बूने मान वर केली. दिवा तर झोपलेलाच होता! आवाज अंड्यातून आला होता. चांदणीच्या मधोमध तडा गेला आणि एक ओली चोच बाहेर डोकावली.

"मी दिवा बघून निवांत झालो," पिल्लं बघायला आलेले काका ताईच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाले. "तुम्ही काटा बघितलात. शाबास, पोरांनो!"

तडा वाढत गेला आणि पिल्लू बाहेर आलं. मामाने ते ओलं पिल्लू अलगद चिमणीच्या ओंजळीत ठेवलं.